तुटलेल्या क्राउनचा माग : प्रकल्प नोंदी

३ जून

आजपासून रीतसर नोंदी. काम असं आहे: तोंडात तुटलेले सिरॅमिकचे क्राउन (दातावर बसवायच्या टोप्या), ब्रिज (जोडलेले कृत्रिम दात) आणि इनले (दातात बसवायचे तुकडे) गोळा करायचे, तुटलेला पृष्ठभाग मायक्रोस्कोपखाली वाचायचा आणि भेग नेमकी कुठून सुरू झाली ते शोधायचं. कोणतं सिरॅमिक सगळ्यात मजबूत, हा प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवला आहे. त्याचे आकडे प्रत्येक माहितीपत्रकात छापलेले असतात, आणि ते आकडे वाचून निवडलेले क्राउनही तुटतात.

आलेल्या तुकड्यांसोबतच्या चिठ्ठ्या वाचल्या. कारणाच्या रकान्यात बहुतेकांनी लिहिलंय, पेशंटने काहीतरी कडक चावलं, किंवा पेशंट झोपेत दात खातो. दोन्ही खरं असू शकतं. पण त्याच तोंडातले शेजारचे क्राउन त्याच दाबाखाली शाबूत असतात. मग हाच का गेला, याचं उत्तर त्या चिठ्ठीत नाही.

हाताळणीचे नियम ठरवून सगळ्यांना पाठवले. तुकडे एकमेकांत बसवून बघायचे नाहीत, कारण कडा घासल्या की भेगेच्या उगमाजवळच्या बारीक खुणाच पुसल्या जातात. स्टीलच्या चिमट्याने तुटलेली बाजू धरायची नाही. प्रत्येक तुकडा वेगळ्या डबीत. तोंडात राहिलेला भाग काढण्याआधी त्याचा पातळ सिलिकॉनमध्ये ठसा घ्यायचा. त्यात एपॉक्सी ओतून प्रतिकृती करता येते. अर्धी गोष्ट पुष्कळदा त्या राहिलेल्या भागावर असते.

१० जून

मॅडमनी विचारलं, ताकदीचे आकडे वापरणारच नसशील तर आधी ते का वापरत नाहीस ते लिही. योग्यच आहे.

वाकवून मोडण्याच्या चाचणीत फेल्डस्पारचं पारंपरिक पोर्सलिन ६० ते १०० मेगापास्कलला (हे ताणाचं एकक) मोडतं. ल्युसाइटवाली काच-सिरॅमिकं साधारण १२० ते १६० पर्यंत जातात, लिथियम डायसिलिकेट ३६० च्या पुढे, आणि ३ मोल टक्के इट्रिया (इट्रियम ऑक्साइड) असलेला झिरकोनिया (झिरकोनियम ऑक्साइड) ९०० ते १२०० पर्यंत. ही उतरंड खरी आहे. मात्र हे आकडे काळजीपूर्वक बनवलेल्या, गुळगुळीत केलेल्या पट्ट्यांचे आणि चकत्यांचे असतात. क्राउनला आतून फ्रेझरच्या (क्राउन कापून घडवणाऱ्या यंत्राच्या) खुणा असतात, बाहेरून बरने (घासायच्या फिरत्या टोकाने) घासलेलं असतं, आणि त्याची जाडी जागोजागी वेगळी असते.

ब्रिटिश अभियंते ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात काचेबद्दल जे मांडलं तेच इथेही लागू पडतं: पदार्थ त्याच्या अणुबंधांच्या हिशेबाने मोडत नाही, त्यात आधीच असलेल्या खोटीच्या हिशेबाने मोडतो. धातूवर ताण आला की भेगेच्या टोकाशी तो थोडा वाहतो आणि टोक बोथट होतं. सिरॅमिकला ही सोय नाही. तिथे मोजायचा गुण म्हणजे फ्रॅक्चर टफनेस, भेगेला अडवून धरण्याची क्षमता. मेगापास्कल गुणिले मीटरचं वर्गमूळ या एककात पोर्सलिन १ च्या आसपास, लिथियम डायसिलिकेट २ ते २.५, आणि ३ मोल टक्केवाला झिरकोनिया ४ ते ५.

यावरून साधा हिशेब केला. लिथियम डायसिलिकेटला ४०० मेगापास्कलवर मोडायला पृष्ठभागावर अर्धवर्तुळाकार खोट किती खोल असावी लागेल? उत्तर येतं १५ ते २५ मायक्रोमीटर. भरड डायमंड बरचे कण याहून मोठे असतात. म्हणजे क्लिनिकमध्ये ‘आतून जरा घासून घेतला’ की माहितीपत्रकातली ताकद तिथल्या तिथे उतरू शकते, आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही.

१८ जून

नमुना ‘क’. खालच्या दाढेवरचा लिथियम डायसिलिकेटचा अखंड क्राउन, पुढून मागे सरळ दोन भागांत फुटलेला. ठेवला आहे तो जिभेकडचा अर्धा. गालाकडचा तोंडातून हरवला. हा सविस्तर लिहितो, कारण वाचण्याची पद्धत यावर पक्की करायची आहे.

आधी स्टीरिओ मायक्रोस्कोप, कमी मोठेपणावर, तिरपा प्रकाश टाकून. सोन्याचा थर देऊन एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) घालण्याची घाई करायची नाही, दिशा आधी साध्या प्रकाशातच कळते. फुटलेल्या बाजूवर बारीक उभे कंगोरे दिसतात, त्यांना हॅकल म्हणतात, ते भेगेच्या वाटेला समांतर असतात. जिथे भेग सूक्ष्म पोकळीला वळसा घालून गेली तिथे पोकळीमागे एक शेपटी उमटते. ती शेपटी भेग ज्या दिशेने पुढे गेली तिकडे पडते, म्हणून शेपटीच्या उलट दिशेने चालत गेलं की उगम जवळ येतो. आणि जिथे भेग क्षणभर थांबून पुन्हा निघाली तिथे कमानीसारखी रेषा असते. कमानीची आतली, खोलगट बाजू उगमाकडे.

‘क’ मध्ये सगळ्या शेपट्या वर, चावण्याच्या पृष्ठभागाकडे वळलेल्या. चावण्याच्या बाजूजवळ भेगेने ओठासारखं वळण घेतलंय. वाकताना दाबाखाली असलेल्या बाजूला भेग पोचते तेव्हा असं वळण येतं, म्हणजे ती भेगेच्या शेवटाची खूण. उगम विरुद्ध बाजूला, सिमेंटकडे, दाढेच्या मधल्या खळग्याच्या बरोबर खाली.

म्हणजे दाब वरून आला, पण क्राउन खालून फुटला. कारण सरळ आहे. लिथियम डायसिलिकेटचा ताठरपणा ९५ गिगापास्कलच्या आसपास, डेंटिनचा (दाताच्या आतल्या मुख्य थराचा) १८ च्या आसपास, आणि मधलं रेझिन सिमेंट त्याहूनही मऊ. ताठर पत्रा मऊ गादीवर ठेवून वरून दाबला की तो खाली वाकतो आणि त्याची खालची बाजू ताणली जाते. सिरॅमिक दाब पुष्कळ सोसतं, ताण सोसत नाही.

खळग्याखालची जाडी मोजली: ०.८ मिलिमीटर. दाढेवर या पदार्थासाठी तिथे साधारण १.५ मिलिमीटर धरतात. वाकण्याचा ताण जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, म्हणजे त्याच चावण्याला इथे साडेतीन पट ताण. पदार्थ बदलून ताकद साडेतीन पट करणं कठीण. दात आणखी ०.७ मिलिमीटर उतरवणं, किंवा उतरवायला जागा नसेल तर वेगळी योजना करणं, हे हातातलं आहे.

उगमाच्या जागी एसईएममध्ये समांतर ओरखडे दिसले. फ्रेझरच्या गोलसर खुणांना ते आडवे छेदतात, म्हणजे ते फ्रेझिंगनंतरचे आहेत. क्राउन बसत नव्हता म्हणून आतून डायमंडने घासला असणार. कोणी, लॅबमध्ये की खुर्चीवर, हे तुकडा सांगत नाही आणि मला ते लिहायचंही नाही. पातळ जागा आणि ओरखडा एकाच ठिकाणी आले, एवढं मात्र ठामपणे लिहिता येतं.

२५ जून

एपॉक्सीच्या प्रतिकृतींत बुडबुडे येत होते. निर्वात करून ओतल्यावर बंद झाले. आता हॅकल प्रतिकृतीतही स्वच्छ दिसतात.

२ जुलै

‘क’ बद्दल एक प्रश्न उरला होता. तो क्राउन तोंडात अनेक वर्षं नीट होता. पातळ जागा पहिल्या दिवसापासून पातळ होती, ओरखडाही पहिल्या दिवसापासून. मग इतका उशीर का?

कारण पाणी. सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन हा काचेतला बंध भेगेच्या टोकाशी ताणलेल्या अवस्थेत असताना पाण्याचा रेणू त्यावर हल्ला करतो आणि बंध तोडतो. मिखाल्स्के आणि फ्रीमन यांनी १९८२ मध्ये ही यंत्रणा रेणूंच्या पातळीवर मांडली. त्यामुळे मोडण्याच्या ताणापेक्षा कितीतरी कमी ताणालाही भेग हळूहळू पुढे सरकत राहते. काच कापणारे ओरखड्यावर ओलं बोट फिरवतात ते याच गुणामुळे. तोंडात पाणी कायमच असतं: बाहेरून लाळ, आतून डेंटिनच्या नलिकांमधला ओलावा, आणि रेझिन सिमेंटही पाणी शोषतं. त्यात चावण्याचा दाब दिवसभर येतो-जातो.

म्हणून शेवटचा घास कडक असायची गरज नसते. पेशंट सांगतात, अगदी मऊ काहीतरी खात होतो आणि फुटला. त्यांच्यावर विश्वास ठेवायला हवा. भेग त्या दिवशी फक्त पूर्ण झाली.

‘क’ वर तीन कमानी आहेत. आज त्यांच्यातली अंतरं मोजली. त्यावरून काळ सांगता येत नाही. पण भेग टप्प्याटप्प्याने गेली, एका फटक्यात नाही, हे यातून सिद्ध होतं.

१६ जुलै

झिरकोनियाच्या चौकटीवर पोर्सलिन चढवलेले नमुने. इथे चौकट शाबूत आणि वरच्या पोर्सलिनचा टवका उडालेला. झुरिकच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या पाहणीत मागच्या दातांच्या ब्रिजमध्ये झिरकोनिया चौकटींचं यश ९७.८ टक्के होतं आणि पोर्सलिनचे टवके १५.२ टक्के. त्या काळात या प्रश्नाने सगळ्यांना ग्रासलं होतं.

पहिली गोष्ट: ‘जोड सुटला’ असं चिठ्ठीत लिहिलेलं असतं, पण आमच्याकडच्या नमुन्यांत चौकट उघडी पडलेली नाही. टवक्याखाली पोर्सलिनचा पातळ थर झिरकोनियाला चिकटून आहे. म्हणजे पोर्सलिन पोर्सलिनमध्येच तुटलं, जोडाला दोष देता येत नाही.

मग पोर्सलिनमध्ये ताण आला कुठून? काही भट्टीतून. झिरकोनिया उष्णता फार हळू वाहून नेतो, धातूच्या चौकटीच्या मानाने खूपच कमी. भाजणीनंतर भट्टी भराभर उघडली की बाहेरचं पोर्सलिन आधी घट्ट होतं, चौकटीजवळचं अजून गरम आणि मऊ असतं. ते नंतर आकसायला लागतं तोवर बाहेरचं कवच जागचं हलत नाही, आणि आत ताण कोंडून राहतो. धातूच्या क्राउनवर चालून गेलेली घाई इथे चालत नाही. पोर्सलिन मऊ असतानाच्या तापमानापासूनच हळू थंड करायला हवं, आणि ते जितकं जाड तितकं अधिक सावकाश.

काही ताण आकारातून येतो. सुरुवातीच्या चौकटी सगळीकडे सारख्या जाडीच्या टोपीसारख्या असत. मग दाढेचं टोक नुसत्या पोर्सलिनचं, दोन-अडीच मिलिमीटर अधांतरी. नमुना ‘छ’ नेमका असा आहे. टवक्याची वरची कड झिजलेल्या, घासलेल्या डागावर आहे आणि उगम त्या डागाच्याच खडबडीत भागात. बसवताना उंच लागत होतं, बरने उतरवलं, पॉलिश केलं नाही. चौकटीने टोकाला आधार दिला असता तर त्याच खडबडीत डागावर फक्त झीज झाली असती, असं माझं मत आहे.

२४ जुलै

लॅबमधले तंत्रज्ञ आले होते. भट्टीच्या कामात त्यांचे हात मुरलेले आहेत. त्यांच्यासमोर नमुना ‘ट’ ठेवला: तीन दातांचा झिरकोनिया ब्रिज, मधल्या दाताच्या मागच्या जोडात तुटलेला.

त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावण्याआधीच सांगितलं, “खालून गेला असणार. सिंटरिंगनंतर डिस्क लागली असेल.”

(सिंटरिंग म्हणजे भट्टीत भाजून घट्ट करणं, डिस्क म्हणजे कापायची चकती.) तसंच निघालं. उगम हिरडीकडच्या बाजूला, दोन दातांमधल्या खाचेच्या तळाशी, डिस्कच्या रेषेवर. मधला दात दाबला की ब्रिज तुळईसारखा वाकतो आणि सगळा ताण जोडाच्या खालच्या बाजूला येतो. तिथेच दात वेगळे दिसावेत म्हणून खाच तीक्ष्ण करतात. खाच गोलसर ठेवली तर ताण पसरतो, व्ही आकाराची केली तर एका रेषेवर एकवटतो. तीन दातांच्या मागच्या झिरकोनिया ब्रिजला जोडाचं क्षेत्रफळ किमान ९ चौरस मिलिमीटर सांगतात. ‘ट’ मध्ये क्षेत्रफळ तेवढं भरतंच. पण जोड आडवा, बुटका आहे. तुळईत ताण उंचीच्या वर्गाने कमी होतो, रुंदीच्या मात्र साध्या प्रमाणात. क्षेत्रफळाचा एकच आकडा पाळून बुटका जोड केला तर नियम पाळल्याचं समाधान मिळतं, ताकद मिळत नाही.

त्यांची अडचणही लिहून ठेवतो, कारण ती खरी आहे. उंची मिळायला वरखाली जागा लागते, आणि ठशात ती नसली तर लॅबला कमी करायला जोडच उरतो. अशा वेळी लॅबने फोन करावा आणि डॉक्टरने तो घ्यावा, यावर आमचं एकमत झालं. खाच वेगळी करायचीच असेल तर सिंटरिंगच्या आधी, खडूसारख्या मऊ अवस्थेत, गोल टोकाच्या बरने.

५ ऑगस्ट

टवक्यांचा प्रश्न सुटावा म्हणून वरचं पोर्सलिनच काढून टाकलं आणि अखंड झिरकोनियाचे क्राउन आले. मोठा फायदा झाला. पण आमच्या चिठ्ठ्यांवर फक्त ‘झिरकोनिया’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि ते पुरेसं नाही.

शुद्ध झिरकोनिया ११७० अंश सेल्सियसच्या खाली मोनोक्लिनिक या स्फटिकरूपात असतो, त्याच्यावर टेट्रागोनल, २३७० च्या वर क्युबिक. ३ मोल टक्के इट्रिया घातला की टेट्रागोनल रूप साध्या तापमानालाही टिकून राहतं, पण काठावर. भेग आली की तिच्या टोकाजवळचे कण मोनोक्लिनिक होतात, ४ ते ५ टक्क्यांनी फुगतात आणि भेगेला दाबून धरतात. गार्व्ही, हॅनिंक आणि पॅस्को यांनी १९७५ मध्ये हे दाखवलं. दंतवैद्यकातल्या झिरकोनियाची सगळी ख्याती या एका गुणावर उभी आहे.

पुढच्या दातांना पारदर्शकपणा हवा म्हणून इट्रिया ५ मोल टक्क्यांपर्यंत वाढवला, तेव्हा क्युबिक रूपाचं प्रमाण वाढलं. क्युबिक कण रूप बदलत नाहीत, म्हणून भेगेला तो अडथळाही राहत नाही. अशा झिरकोनियाचा फ्रॅक्चर टफनेस लिथियम डायसिलिकेटच्या जवळ येतो. नमुना ‘ड’ पातळ कडांचा, पारदर्शक ठोकळ्यातून कापलेला, कडेपासून फुटलेला आहे. ३ मोल टक्केवाल्याच्या हिशेबाने त्याची जाडी ठरवली असावी, असा संशय येतो. ठोकळ्याचं नाव मागवलं आहे. कळेपर्यंत निष्कर्ष लिहिणार नाही.

प्रक्रियेचं महत्त्व सांगणारी एक घटना दातांबाहेरची आहे. कृत्रिम खुब्यासाठी वापरले जाणारे झिरकोनियाचे गोळे २००१ मध्ये फुटू लागले आणि परत मागवावे लागले. झिरकोनिया तोच होता; सिंटरिंगची भट्टी बदलली होती, आणि त्या भट्टीतल्या मालात पाण्याच्या संपर्काने रूपबदल लवकर सुरू होत होता.

१२ ऑगस्ट

शेजारच्या विभागाने सुचवलं, नवे क्राउन बनवून स्टीलच्या गोळीने यंत्रात फोडा, भरपूर आकडे मिळतील. नको म्हटलं. दंत-सिरॅमिकचे अभ्यासक रॉबर्ट केली यांनी १९९९ मध्येच दाखवून दिलं की अशा चाचणीत क्राउन गोळीखालच्या पृष्ठभागापासून, शंकूसारख्या भेगेने चिरडतो, आणि त्यासाठी लागणारा दाब चावण्याच्या दाबाच्या कित्येक पट असतो. तोंडातून आलेल्या एकाही तुकड्यात मला तसा उगम दिसलेला नाही. शिवाय यंत्रात क्राउनच्या ठिकऱ्या होतात, तोंडातले क्राउन बहुधा दोन-तीन तुकड्यांत जातात. कमी ऊर्जेने, दमाने फुटण्याचं हे लक्षण. चाचणी करायचीच झाली तर पाण्यात, डेंटिनसारख्या लवचिक आधारावर चिकटवून, कमी दाबाच्या लाखो फेऱ्या देऊन करावी. त्याला वेळ लागतो. तो द्यायला हवा.

२० ऑगस्ट

आज एक शाबूत क्राउन आला. झिरकोनिया, न फुटता निसटलेला. सिमेंट जवळजवळ सगळं दातावर, क्राउनची आतली बाजू कोरी. म्हणजे सिमेंट आणि झिरकोनिया यांच्यातला बंध सुटला. उलट असतं तर दाताच्या बाजूचा प्रश्न म्हटला असता.

झिरकोनियात काचेचा अंश जवळपास नसतो, त्यामुळे हायड्रोफ्लोरिक आम्लाने खडबडीत करणं आणि सिलेन हे जोडणारं रसायन लावणं, हा काच-सिरॅमिकचा मार्ग इथे उपयोगी पडत नाही. इथे कमी दाबाने अॅल्युमिनाचा मारा (बारीक कणांचा फवारा) आणि एमडीपी हा चिकटवणारा रेणू असलेला प्रायमर, म्हणजे सिमेंटआधी लावायचा थर, लागतो. एमडीपीचा फॉस्फेट गट झिरकोनियाला धरतो, आणि नेमकी हीच जागा लाळेतले फॉस्फेट आधीच अडवून बसतात. क्राउन तोंडात बसवून पाहिला, पाण्याने धुतला आणि लगेच चिकटवला, की प्रायमरला जागाच उरत नाही. फॉस्फोरिक आम्लाने स्वच्छ केलं तर आणखी बिघडतं, कारण तेही फॉस्फेटच सोडतं. बसवून पाहिल्यानंतर पुन्हा हलका मारा, किंवा त्यासाठीच बनवलेलं क्लीनर.

दातही पाहिला, फोटोत: बुटका, वरती फार निमुळता. असा दात क्राउनला आकाराने धरून ठेवत नाही, सगळी भिस्त बंधावर येते.

२ सप्टेंबर

मॅडमशी बसून मधला आढावा. त्यांनी टक्केवारी मागितली: किती टक्के क्राउन आतून फुटतात, किती टवक्याने जातात. देणार नाही असं सांगितलं, आणि त्यांना ते पटलं. आमच्याकडे फक्त तुटलेले येतात. त्याच काळात बसवलेले आणि टिकलेले किती, ते माहीत नाही. त्याहून मोठी उणीव अशी की जे क्राउन फुटत नाहीत पण अपयशी ठरतात, ते आमच्यापर्यंत पोचतच नाहीत. झुरिकच्या त्याच पाहणीत टवक्यांपेक्षा जास्त ब्रिज, २१.७ टक्के, कडेखालच्या नव्या किडीने ग्रासले होते, कारण चौकटी दातावर पुरेशा नेमक्या बसत नव्हत्या. सिरॅमिक शाबूत आणि दात गेलेला. पेशंटसाठी हे अपयश टवक्यापेक्षा गंभीर आहे. टवका पॉलिश करता येतो.

त्यामुळे संग्रह वाढवायचं ठरलं. कीड, दुखणं किंवा हिरडीच्या तक्रारीमुळे कापून काढलेले क्राउनही आता मागवायचे. ते काढताना बरने कापले जातात, त्यामुळे कापण्याची रेषा गालाकडच्या बाजूने न्यायची आणि दोन दातांमधली कड जपायची, अशी विनंती पत्रात घातली आहे, कारण कीड बहुधा तिथेच असते. सोबत कापण्याआधीचा एक्स-रे आणि कडेचा सिलिकॉन ठसा हवा.

‘ड’ च्या ठोकळ्याचं नाव आलं. ५ मोल टक्केवालाच. जाडी आणि कडेचा कोन शुक्रवारी पुन्हा मोजून निष्कर्ष लिहायचा, आणि ज्या लॅबने तो कापला त्यांना मापांसह कळवायचं.